वार्षिक शुल्क लावल्याने बॉट (माणसाऐवजी संगणकाने आपोआप चालवलेली) खाती खरोखर आटोक्यात येतील का?

प्रश्न : आडतीवर काम करणारा, लातूर

गेली सहा वर्षे मी लातूरच्या बाजारातील सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचे भाव सौदे निघाल्याबरोबर एका समाजमाध्यमावर लिहितो. आवक किती झाली आणि किती ओलाव्याच्या मालाला काय दर मिळाला, हे वाचून औसा, निलंगा, अहमदपूर भागातले शेतकरी गाडी आजच भरायची की दोन दिवस थांबायचे हे ठरवतात. परवा सकाळी भाव टाकल्यावर मिनिटभरात त्याखाली सात प्रतिसाद आले. सातही ठिकाणी वाक्य एकच होते, "घरबसल्या काम करा, रोज दोन हजार कमवा", आणि फोटो मात्र सात वेगवेगळ्या मुलींचे होते. माझ्या नोंदीखाली आहेत म्हणजे माझ्या ओळखीचेच असतील, असे समजून औशाकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने नोंदणीचे म्हणून १,५०० रुपये भरले. आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, तरी तो माझ्या भरवशावर फसला ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

एक्सने (पूर्वीच्या ट्विटरने) ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यूझीलंड आणि फिलिपिन्स या दोन देशांत नव्या खात्यांकडून वर्षाला एक डॉलर घेण्याचा प्रयोग सुरू केला होता, ज्यात पैसे न भरणाऱ्याला वाचता येत होते, पण लिहिता येत नव्हते. असे शंभर रुपये आपल्याकडे घेतले तर हा उपद्रव थांबेल का, आणि एकाच कंपनीने ते घेतले तर लोक दुसऱ्या फुकटच्या माध्यमाकडे वळणार नाहीत का?

उत्तर १ : संगणक शिक्षक, नांदेड

आपण दिलेल्या आकड्यावरूनच हिशेब करून पाहू. खात्याला वर्षाचे शंभर रुपये असतील, तर आपल्याकडच्या त्या मुलाने भरलेल्या १,५०० रुपयांत पंधरा खाती निघतात, आणि त्या पंधरा खात्यांतून आणखी एकच माणूस फसला तरी ठगाचा धंदा चालू राहतो. म्हणून वार्षिक शुल्काने फुकटात लाखो खाती काढणारे हटतील, परंतु फसवणुकीतून पैसे मिळवणाऱ्याला ते बियाण्याच्या खर्चाइतकेच वाटेल. पैसे भरले म्हणजे माणूस खरा, असेही नव्हे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरने महिना आठ डॉलरला, खाते खरे असल्याची मानली जाणारी निळी खूण द्यायला सुरुवात केली, तेव्हा कोणीतरी ती विकत घेऊन एलाय लिली या औषध कंपनीच्या नावाने 'इन्सुलिन आता मोफत' असे जाहीर केले. खऱ्या कंपनीला खुलासा करून माफी मागावी लागली आणि ट्विटरला ती नोंदणी काही आठवडे थांबवावी लागली.

पुढे जुलै २०२३ पासून त्याच माध्यमाने पैसे भरणाऱ्या खातेदारांना त्यांच्या नोंदींखालच्या प्रतिसादांत दिसणाऱ्या जाहिरातींचा वाटा द्यायला सुरुवात केली. जिथे भरलेले पैसे अशा रीतीने परत मिळू शकतात, तिथे शुल्काने बॉटला आळा बसेल ही अपेक्षा मला पटत नाही.

मला उपयोगी वाटते ते वेगळे उदाहरण आहे. मोबाइलवरच्या जाहिरातींच्या संदेशांनी लोक हैराण झाले, तेव्हा ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने २०११ मध्ये एका सिमवरून दिवसाला किती संदेश पाठवता येतील यावर मर्यादा घातली, आणि २०१२ मध्ये शंभराच्या पुढच्या प्रत्येक संदेशाला किमान ५० पैसे आकार ठरवला. शुभेच्छा पाठवणाऱ्या सामान्य माणसाला त्याची झळ क्वचितच बसत होती, कारण तो रोज शंभरापर्यंत पोहोचतच नव्हता. हाच दर अनोळखी लोकांच्या नोंदींखाली लिहिण्याला लावला, तर तीन हजार ठिकाणी तेच वाक्य चिकटवण्याला जवळपास १,५०० रुपये लागतील, म्हणजे तीन हजारांत एक फसला तरी हाती काही उरणार नाही. २०१८ च्या नियमांनी व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्यांना नोंदणी सक्तीची केल्यानंतर, २०२० मध्ये ट्रायने तो आकार काढून टाकला, हेही इथे सांगितले पाहिजे.

उत्तर २ : बचत गटाची सचिव, जिंतूर, जि. परभणी

सरांचा हिशेब बरोबर आहे, पण खाते काढतानाच पैसे मागायला माझा स्पष्ट विरोध आहे. आमच्या गटातल्या बऱ्याच बायकांच्या हातात मोबाइल आहे, पण त्यावरचे यूपीआय नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खात्याला जोडलेले आहे. शंभर रुपये भरायचे म्हटले की घरात आधी "तुला कशाला पाहिजे ते?" हा प्रश्न येणार, आणि पापड-शेवयांचे फोटो टाकून दोन गिऱ्हाइके मिळवणारी बाई तिथेच थांबणार. ठगाला मात्र दुसऱ्याच्या नावावरचे भाड्याचे बँक खाते मिळते, तेव्हा पैसे भरण्याची अडचण आम्हालाच आहे, त्याला नाही. आकार घ्यायचाच असेल तर पहिले शंभर प्रतिसाद फुकट ठेवून मग घ्या.

उत्तर ३ : बियाणे-खतांचे दुकानदार, जालना

आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाविषयी लिहितो, कारण माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. आठवडी बाजारात पावती फाडली जाते ती माल मांडून बसणाऱ्याची, बाजार हिंडायला आलेल्याची नव्हे, आणि विक्रेते पावती भरतात कारण गिऱ्हाईक त्याच बाजारात येते. समाजमाध्यमांचे तसे नाही, कारण शेजारी दुसरा बाजार बिनापावतीचा भरलेला असतो. जुलै २०२३ मध्ये इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाने थ्रेड्स हे एक्ससारखे माध्यम सुरू केले, तेव्हा इन्स्टाग्रामच्याच खात्याने आत जाता येत असल्यामुळे पाच दिवसांत दहा कोटी लोकांनी नोंदणी केली. अशा वेळी जो शुल्क मागेल त्याच्याकडे जुने लोक काही काळ टिकतील, पण नवे कोणी येणार नाही. नवे आले नाहीत की जुन्यांनाही तिथे थांबण्यात अर्थ वाटत नाही.

तरीही फुकट असणे पुरेसे ठरत नाही, हे कू या भारतीय माध्यमावरून दिसले. ते फुकट होते, त्यावर मराठीची सोय होती, आणि तरी जुलै २०२४ मध्ये ते बंद झाले. आपण भाव लातूरला लिहिता, पण तो वाचणारे जिथे आहेत तिथेच लिहावा लागतो. मला मॅस्टोडॉन या, अनेक स्वतंत्र सर्व्हरवर चालणाऱ्या माध्यमाची रीत म्हणूनच महत्त्वाची वाटते, कारण तिथे एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाचे वाचू शकतो, आपले अनुयायी दुसरीकडे हलवू शकतो, आणि एखाद्या सर्व्हरवरून उपद्रव वाढला तर बाकीचे त्याच्याशी संबंध तोडतात. मोठ्या कंपन्यांना असे दरवाजे उघडायला कायद्याने भाग पाडल्याशिवाय, वाचकांना सोडून जाण्याच्या भीतीपायी आपण जिथे आहोत तिथेच अडकून राहू, असे मला वाटते.

प्रश्नकर्ता, लातूर

ताईंचे म्हणणे वाचून माझे मत बदलले. सरसकट वार्षिक शुल्काऐवजी, शंभराच्या पुढे अनोळखी ठिकाणी लिहिणाऱ्याकडूनच आकार घ्यावा, अशी सूचना मी त्या माध्यमाच्या तक्रार कक्षाकडे आज लेखी पाठवली आहे. उद्यापासून माझ्या बाजारभावाच्या नोंदीखाली फक्त माझ्या ओळखीच्या खात्यांनाच लिहिता येईल अशी मांडणी मी केली आहे, त्यामुळे निलंग्याच्या एखाद्या नवख्या शेतकऱ्याला "बारा टक्के ओलाव्याला काय दर?" एवढेही तिथे विचारता येणार नाही. त्यांनी दुपारी बारानंतर आडतीवर फोन करावा, ही ओळ मी रोजच्या भावाबरोबरच लिहिणार आहे.