शब्बाथ संपताना मसाले का हुंगतात? जादा आत्मा आणि हवदाला

जिज्ञासा
शनिवारी रात्री ज्यू घरांत हवदाला (शब्बाथ या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाला निरोप देणारा विधी) होतो, त्यात लवंग-दालचिनीची डबी हातोहात फिरते. शब्बाथपुरता मिळणारा जादा आत्मा परत जातो, त्याच्याशी याचा संबंध आहे असं वाचलं. ही कल्पना कब्बालातली (ज्यू गूढविद्येतली) की त्याआधीची? विधी नेमका कसा करतात, कुठे चुकतं? आणि शनिवारी रात्रीच सण लागला तर मसाले गाळतात ते का?

पोथीवाला
कल्पना कब्बालाच्या कितीतरी आधीची आहे. तालमुद या ज्यू धर्मग्रंथाच्या बेत्झा भागात (पान १६) रब्बी रेश लाकीश म्हणतात की शब्बाथच्या पूर्वसंध्येला माणसाला 'नेशामा येतेरा' (जादा आत्मा) मिळतो आणि शब्बाथ सरला की काढून घेतला जातो. बेराखोत भागात (पान ४३) दुसरा धागा सापडतो: ज्याचा आनंद शरीराला नाही, फक्त आत्म्याला होतो, असं काय? सुगंध. पुढे या दोन्हींची सांगड घालून मसाल्यांचा अर्थ लावला गेला, की जाणाऱ्या आत्म्यामुळे मागे उरलेल्या जिवाला सुगंधाने धीर द्यायचा.

तालमुदचे भाष्यकार राशी (११वं शतक) यांनी मात्र गूढ अर्थ घेतलेला नाही. त्यांच्या मते हे मनाचं मोकळेपण: विश्रांती, आनंद आणि पोटभर खाऊनही जीव न विटणं. १३व्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये झोहार हा कब्बालाचा ग्रंथ आला आणि चित्र पालटलं. नेफेश, रुआख, नेशामा, खाया, येखिदा ही आत्म्याची पाच नावं मिद्राशमध्ये (धर्मग्रंथांवरच्या जुन्या विवरणांत) आधीपासून होती. कब्बालाने त्यांची उतरंड लावली आणि शब्बाथला माणूस या उतरंडीत वर चढतो असं मानलं. १६व्या शतकात गॅलिलीतल्या सफेद गावी कब्बालाचे गुरू इसहाक लुरिया यांच्या परंपरेत शुक्रवारी संध्याकाळीही हदास (मर्टलची डहाळी) हुंगण्याची चाल पडली, येणाऱ्या आत्म्याच्या स्वागतासाठी. राशींचा अर्थ मला कमी प्रतीचा वाटत नाही. दोन्ही शेजारी ठेवूनच वाचावेत.

दिवाबत्ती
विधीचा क्रम: द्राक्षारस, मसाले, अग्नी, शेवटी हवदालाचा आशीर्वाद. तीन लहान तारे दिसल्यावर सुरुवात. आभाळ भरलेलं असेल तर पंचांगातली वेळ पाळायची. प्याला किमान एका रेविईतचा (हे जुनं द्रवमाप), म्हणजे एका मतानुसार ८६ मिली, दुसऱ्या मतानुसार १५० मिली. काठोकाठ भरून उजव्या हातात धरायचा. मेणबत्तीला एकाहून जास्त वाती हव्यात, म्हणून ती वेणीसारखी वळलेली असते. नसली तर दोन मेणबत्त्यांच्या ज्योती जोडायच्या. अग्नीचा आशीर्वाद म्हटल्यावर उजेडात नखं पाहायची. नुसतं लांबून बघणं पुरत नाही.

नेहमीच्या चुका: पहिल्या आशीर्वादानंतर लगेच घोट घेणं (प्यायचं ते चारही झाल्यावर, आणि प्याल्यातलं निम्म्याहून जास्त), मध्येच गप्पा, आणि वर्षभर न बदललेल्या लवंगा. वास उडालेल्या मसाल्यावर आशीर्वाद फुकट जातो. स्वच्छतागृहात ठेवलेल्या सुगंधी वस्तूही चालत नाहीत, कारण तो वास आनंदासाठी नसून दुर्गंधी झाकायला असतो.

जिज्ञासा
सर्दीने नाक बंद असेल तर? आणि शनिवारी रात्री राहूनच गेलं तर?

दिवाबत्ती
वास येत नसेल त्याने स्वतःसाठी तो आशीर्वाद म्हणायचा नाही. ज्याला येतो त्याने म्हणावा, याने ऐकावं. घरात मसालेच नसतील तर शोधत हिंडायची गरज नाही. राहून गेलेला हवदाला मंगळवारच्या सूर्यास्तापर्यंत करता येतो, पण तेव्हा फक्त द्राक्षारस आणि हवदालाचा आशीर्वाद. मसाले आणि अग्नी शनिवारी रात्रीचेच.

पोथीवाला
सणाचा प्रश्न राहिला. राशींचे नातू आणि भाष्यकार रश्बाम म्हणतात, सणालाही जादा आत्मा असतो, म्हणजे काही गमावलंच नाही. तोसाफोत (तालमुदवरच्या मध्ययुगीन टिपांचे कर्ते) यावर नेमकं बोट ठेवतात: तसं असेल तर सण संपतानाही मसाले हवेत, पण ते नसतात! म्हणून त्यांचं उत्तर वेगळं: सणाला जादा आत्मा नाहीच, शनिवारी रात्री सण लागला की सणाचं जेवणखाणच जिवाला सावरतं. योम किप्पुर (प्रायश्चित्ताचा उपवासाचा दिवस) आठवड्याच्या मधल्या वारी आला तर तो सरतानाही मसाले नाहीत. अग्नी मात्र असतो, तोही आदल्या दिवसापासून तेवत असलेल्या दिव्याचा किंवा त्यावरून पेटवलेला.

अष्टागरकर
एक भर. हवदालानंतर बऱ्याच घरांत एलियाहू हनाबीचं (प्रेषित एलियाचं) गाणं म्हणतात. आपल्याकडच्या बेने इस्राएलांच्या (कोकणातल्या ज्यूंच्या) मलिदा या विधीतही त्याच एलियाहूचं स्मरण असतं: भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, सुकामेवा आणि भोवती फळं. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहूच्या रथाची खूण मानला जाणारा खडक आहे, तिथे नवस फेडायला लोक येतात. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात यांनाच 'शनवार तेली' म्हणत. मलिदा मात्र हवदालाचा भाग नाही. नवस, लग्न, सुंता अशा प्रसंगी तो वेगळा होतो.