मदत हवी आहे: आप्पांना दाढेसाठी अँटिबायोटिक लिहून दिलंय, द्यायचं की नाही?

निपाणीकर
घाईत लिहितोय, चुका पोटात घाला. आप्पांना (६७) फुप्फुसाचा कॅन्सर आहे, इंजेक्शनं बेळगावात चालू आहेत. परवापासून दाढ ठणकतेय, गाल सुजलाय. दातांच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हच्या गोळ्या दिल्या. घरी येतो तोवर मेहुण्याचा व्हिडिओ हजर: अँटिबायोटिकने पोटातले चांगले जंतू मरतात आणि कॅन्सरचं औषध लागू पडत नाही. आता पाकीट टीव्हीवर तसंच पडलंय. कॅन्सरचे डॉक्टर फोन उचलत नाहीत, उद्या रविवार. द्यायच्या की नाही, एवढंच सांगा.

खानापूरची सून
दादा, इंजेक्शन कुठलं? इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारी) की केमो (कॅन्सरच्या पेशी थेट मारणारी)? ताप आहे का?

निपाणीकर
फुप्फुसाच्या कॅन्सरचं, लिहिलंय की. सलाईनमधून देतात. अंग जरा कोमट लागतंय.

आंबीलवाले काका
गोळ्या बाजूला ठेवा. रात्री नाचणीचं पीठ ताकात भिजवा, सकाळी शिजवून आंबील द्या. त्यात चांगले जंतू कोट्यवधी. माझं पोट वीस वर्षांत बिघडलेलं नाही.

मिरजेचा फार्मासिस्ट
काका, शिजवल्यावर त्यातले किती जिवंत राहतात?
निपाणीकर, व्हिडिओ अगदीच खोटा नाही. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात पॅरिसच्या गटाचं काम आलं. पीडी-१ ची, म्हणजे इम्युनोथेरपीची, इंजेक्शनं घेणाऱ्या फुप्फुसाच्या आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांपैकी ज्यांनी उपचार सुरू होण्याच्या आसपास अँटिबायोटिक घेतलं, त्यांना गुण कमी आला. ज्यांना गुण आला त्यांच्या शौचात अक्करमॅन्सिया नावाचा जंतू जास्त सापडला. पण ते इम्युनोथेरपीचं झालं. शिवाय अँटिबायोटिक लागतं तो माणूस मुळात जास्त आजारी असतो, त्यामुळे दोष गोळीचा किती आणि दुखण्याचा किती हे वेगळं काढणं अवघड. म्हणून विचारतोय, औषध कुठलं?

संकेश्वरचा पाहुणा
आमच्या मामांना आधी सहा महिने टीबीच्या गोळ्या चारल्या, मग कळलं गाठ आहे. तुम्ही बायोप्सी केली काय गा? एक्स-रेवर भरवसा ठेवू नका.

निपाणीकर
बायोप्सी झालीय हो. माझा प्रश्न गोळ्यांचा आहे.

वखारीमागचं घर
आप्पा विडी ओढायचे का? निपाणीत हे घरोघरी. ८१ सालच्या तंबाखू आंदोलनात माझे वडील रस्त्यावर बसले होते, तेही खोकूनच गेले.

निपाणीकर
आप्पांनी विडी तोंडाला लावली नाही. आई विड्या वळायची, घरभर तंबाखूची धूळ असायची. ते असू दे आता.

खानापूरची सून
दाढेवरून आठवलं. आम्हाला शिकवलं होतं की फुप्फुसात जंतू नसतातच. ते आता कुणी मानत नाही. तोंडातले व्हेलोनेला, प्रेव्होटेला हे जंतू लाळेबरोबर खाली उतरतात. न्यूयॉर्कच्या गटाने २०२१ मध्ये कॅन्सर असलेल्या उंदरांच्या फुप्फुसात व्हेलोनेला सोडला, तर आजार बळावला. म्हणजे दाढेकडे दुर्लक्ष करणंही बरं नाही.

आंबीलवाले काका
उंदरांना दाढदुखी होते का? माझं ऐका, निदान प्रोबायोटिकच्या कॅप्सूल तरी आणा.

मिरजेचा फार्मासिस्ट
२०२१ मध्येच त्वचेच्या कॅन्सरच्या, मेलॅनोमाच्या रुग्णांचा अभ्यास आला. भाजीपाला, कडधान्यं, असं चोथ्याचं खाणाऱ्यांना इम्युनोथेरपीत बरा गुण होता. दुकानातल्या प्रोबायोटिकचा फायदा दिसला नाही. मी त्या कॅप्सूल रोज विकतो, तरी सांगतोय.
निपाणीकर, बाकीची औषधं तरी लिहा.

निपाणीकर
फाईल चिकोडीला भावाकडे आहे. रोज सकाळी फॉलिक ॲसिडची एक गोळी. इंजेक्शनच्या आदल्या दिवसापासून तीन दिवस डेक्सा. मध्ये एकदा बी-१२ चं इंजेक्शन दिलं होतं. याचा काय संबंध?

मिरजेचा फार्मासिस्ट
सगळा संबंध त्याचाच आहे. फॉलिक ॲसिड, बी-१२ आणि डेक्सा हे स्टेरॉइड, ही पेमेट्रेक्सेड या केमोच्या औषधाची तयारी असते. म्हणजे केमो चालू आहे, सोबत इम्युनो असो वा नसो. शेवटचं इंजेक्शन कधी झालं? आणि कोमट म्हणजे किती? थर्मामीटर लावा, हात नको.

सीमाभाग ८६५
महाराष्ट्र हक्क सांगतो त्या ८६५ सीमागावांत निपाणी येते. २०२३ ला महाराष्ट्राने आपल्या गावांना फुले आरोग्य योजना जाहीर केली. बेळगावात पैसे भरण्यापेक्षा कोल्हापूरला चौकशी करा.

निपाणीकर
गेल्या गुरुवारी झालं, आज नऊ दिवस. शेजारून थर्मामीटर आणला. १०१.२.

खानापूरची सून
दादा, आता धागा बंद करा आणि गाडी काढा. केमोनंतर साधारण आठवडा-दोन आठवड्यांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्या काळात १००.४ च्या वर ताप म्हणजे तातडी. अशा वेळी अँटिबायोटिकच जीव वाचवतं, पोटातल्या जंतूंचं नंतर बघता येईल. पॅरासिटामॉल देऊन ताप झाकत बसू नका. रक्ताची सोय असलेलं जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. दारातच सांगा: केमो होऊन नऊ दिवस, ताप १०१.

मिरजेचा फार्मासिस्ट
गोळ्यांचं पाकीट सोबत घ्या. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर तेही सांगा.

निपाणीकर
निघालो.

निपाणीकर
पहाटेचे पावणेपाच. आप्पा ॲडमिट. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी फक्त ३२०, शिरेतून अँटिबायोटिक चालू. कॅज्युअल्टीतल्या पोरीने पहिलं विचारलं, ताप कधीपासून? मला सांगता येईना, दोन दिवस मी दाढच बघत होतो. भावाने फाईलचा फोटो पाठवला: पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन, दोन्ही केमोच. इम्युनोचं नाव कुठेच नाही. मेहुणा डबा घेऊन आलाय, त्याला अजून काही बोललो नाही.

खानापूरची सून
बोलू नका आज. दाढेचं काय म्हणाले?

निपाणीकर
काउंट वर आल्यावर काढू म्हणाले. तोवर मिठाच्या पाण्याने गुळण्या.

आंबीलवाले काका
आंबिलीचं प्रमाण खासगी निरोपात पाठवलंय. घरी आल्यावर बघा.

मिरजेचा फार्मासिस्ट
काका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. काउंट कमी असताना घरचं आंबवलेलं चालेल का, ते तेच सांगतील.