जुना मचवा टीव्हीसाठी दुरुस्त करावा का?

खाडीकाठ (धागाकर्ता)

सोडून दिलेल्या लाकडी बोटीचं पुढे काय होतं ते कोकणात कुणाला सांगायला नको. आधी इंजिन निघतं, मग तांब्या-पितळेचं सामान. सागाच्या बऱ्या फळ्या रिसॉर्टच्या टेबलांसाठी जातात, उरलेलं जळण. नव्या बोटी फायबरच्या. मचवा बांधून द्या म्हणणारं गिऱ्हाईक जवळपास संपलं, त्यामुळे बांधणारे हातही संपत आले.

प्रस्ताव असा: चाळीसेक फुटी एक जुना मचवा घ्यायचा आणि पहिल्या पाहणीपासून पुन्हा पाण्यात जाईपर्यंत सगळं काम मालिका करून दाखवायचं. सह्याद्रीवर किंवा एखाद्या ओटीटीवर, आठवड्याला एक भाग. 'टॅली हो' ही १९१० ची इंग्लिश शिडाची नौका, १९२७ ची फास्टनेट शर्यत जिंकलेली, अमेरिकेत एका बंदरात कुजत पडली होती. २०१७ मध्ये एका तरुण कारागिराने ती नाममात्र किमतीत घेतली, कामाचे व्हिडिओ टाकत गेला, बघणाऱ्यांच्या पैशांवर काम चाललं आणि २०२४ मध्ये ती पाण्यात उतरली. त्याआधी ११ ऑक्टोबर १९८२ ला 'मेरी रोज' ही सोळाव्या शतकात बुडालेली इंग्लिश युद्धनौका समुद्रातून वर काढली ती बीबीसीने थेट दाखवली. जगभरात सुमारे सहा कोटी लोकांनी पाहिली म्हणतात. इतक्या वर्षांचा खर्च टीव्हीशिवाय दुसरं कोण काढून देणार? विरोध असेल तर कारणासकट लिहा.

ओळंबा

विरोध आहे, कारणासकट.

कॅमेऱ्याला सगळ्या फळ्या काढलेला सांगाडा हवा असतो, कारण तो पडद्यावर देखणा दिसतो. जुन्या बोटीत नेमकं तेच करायचं नसतं. साठ वर्षं पाण्यात राहिलेल्या बोटीचा आकार बरगड्यांनी जेवढा धरलेला असतो तेवढाच फळ्यांनीही धरलेला असतो. एका बाजूच्या फळ्या सलग काढल्या की बरगड्या बाहेर उघडतात आणि पोट फुगतं. नवी फळी मग बसते, पण चुकलेल्या आकारावर. म्हणून एक फळी काढायची, तिची जोडीदार दुसऱ्या बाजूची काढायची, शेजारच्या राहू द्यायच्या आणि आतून आडवे टेकू दिल्याशिवाय हात लावायचा नाही. हे बघायला कंटाळवाणं आहे. चौथ्या भागातही बोट पहिल्या भागासारखीच दिसेल.

दुसरं, वाकलेला कणा, म्हणजे बोटीच्या तळाची लांब मुख्य तुळई. वाळूवर वर्षानुवर्षं पडलेल्या बोटीची दोन्ही टोकं खाली लोंबतात आणि मधला भाग वर राहतो. नाळेपासून (बोटीच्या पुढच्या टोकापासून) मागच्या खांबापर्यंत कण्यालगत दोरी ताणून बघा, चाळीस फुटांत दोन-तीन इंचांचा फरक सहज निघतो. तो काढायचा तर मधला आधार थोडा सैल करून टोकांखालच्या पाचरी रोज अगदी जराशा आत मारायच्या, आणि हे काही आठवडे चालवायचं. शूटिंगची तारीख आली म्हणून हायड्रॉलिक जॅक लावून एका दिवसात उचललात, तर खिळ्यांच्या रांगेत बरगड्या तडकतात. बाहेरून काही दिसत नाही. पाण्यात गेल्यावर दिसतं.

खाडीकाठ

ओळंबाराव, पाचरीचे आठवडे टाइमलॅप्समध्ये वीस सेकंदांत बसतात. कारागिराने घाई करायची नाही, संपादकाने करायची. 'टॅली हो'लाही सात वर्षं लागली, बघणारे थांबले.

मोगरी

बसतात, पण टाइमलॅप्समध्ये कामाची अर्धी माहिती पुसली जाते, ती म्हणजे आवाज. सांध्यात कापूस ठोकताना (आपल्याकडे कलफाती म्हणतात ती) कारागीर डोळ्यांपेक्षा कानाने काम करतो. कापसाचा पीळ सांध्यात सोडून छिन्नीवर मोगरी पडते तेव्हा सुरुवातीला आवाज बसका येतो, थप्प. कापूस भरत गेला की ठोका टणक होतो आणि शेवटी टण्ण वाजतो. तिथे थांबायचं. पुढे आणखी ठोकलात तर कापूस सांधा भरत नाही, फळ्यांना ढकलायला लागतो. बोट पाणी पिऊन फुगली की तो दाब खिळ्यांवर येतो आणि डोकी वर येतात.

कोरड्या काळात ठोकणाऱ्यांची हीच चूक होते. मे महिन्यात फळ्या आक्रसलेल्या असतात, सांधा रुंद दिसतो, हावरटपणाने भरला जातो. बोट उतरल्यावर पहिले दोन-तीन दिवस गळायलाच हवी. पंप लावून ठेवायचा आणि लाकूड फुगून सांधे मिटेपर्यंत वाट बघायची. पहिल्याच तासाला थेंब आला नाही तर कौतुक करू नका, काळजी करा.

आता सांगा, कुठली वाहिनी त्या टण्ण आवाजावर तबला-सतार टाकायची राहील? आणि गळत्या बोटीला 'आता काय होणार?' म्हणत जाहिरातीपूर्वी कापायची राहील?

दक्षिणवारा

मोगरी यांच्यात एक भर, कारण यात परदेशी व्हिडिओ बघून शिकलेले लोक बोट मारतात. पश्चिम किनाऱ्यावरच्या जुन्या चांगल्या बांधणीत फळीच्या कडा सपाट नसत. एकीला खाच, दुसरीला जीभ, मध्ये कापसाचा पातळ थर घालूनच फळी बसवलेली. तिथे बाहेरून व्ही आकाराचा सांधा उघडून कापूस ठोकायला गेलात तर जीभ तुटते आणि कायमची गळती लागते. आधी एक फळी टोकाशी सोडवून कड बघायची, मग पद्धत ठरवायची. त्यामुळे परदेशातला 'स्टेप बाय स्टेप' इथे जसाच्या तसा उचलू नये.

पाचर

दोन्ही बाजूंना मूळ प्रश्नच चुकला आहे असं वाटतं. मचवा वारसा म्हणून बांधलेला नव्हता. माल वाहायचा, वापरून संपवायचा, मालक नवा बांधून घ्यायचा. बांधायची विद्या टिकत होती ती त्यामुळे. एक जुना सांगाडा सावरून काचेआड ठेवण्यापेक्षा त्याच पैशात दोन नवे बांधा, त्यावर सहा पोरं शिकतील. 'कौंडिण्य'ने हेच केलं. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून शिवलेलं जहाज गोव्यात बांधलं, मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात आलं आणि पोरबंदरहून मस्कतलाही पोचलं. काथ्याच्या दोरीने फळ्या शिवायची विद्या त्यामुळे पुन्हा हातात आली. केरळच्या कारागिरांच्या हातात ती थोडीफार उरली होती म्हणूनच जमलं.

खाडीकाठ

पाचर साहेब, 'कौंडिण्य'चं उदाहरण माझ्याच बाजूने जातं. चित्रावरून पूर्ण आकार काढायला किती खटाटोप करावा लागला बघा. आराखडा नाही, तळ कसा ते चित्रात दिसत नाही, म्हणून मद्रासच्या आयआयटीत प्रतिकृतीच्या चाचण्या. पंधराशे वर्षांपूर्वी कुणी मोजमाप ठेवलं नाही म्हणून. आज शेवटचे मचवे समोर उभे आहेत आणि आपणही तेच करतोय.

आणि शिवलेल्या जहाजाने खिळ्यांच्या बोटीची दुरुस्ती शिकता येत नाही. शिवण लवचीक असते, लाटेवर फळ्या थोड्या हलतात. खिळ्याचं जोडकाम ताठ. दुखणी वेगळी, औषधं वेगळी.

'वापरून संपवायचं' हेही सरसकट खरं नाही. 'त्रिंकोमाली' ही मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी १८१७ मध्ये मलबारी सागाची बांधलेली फ्रिगेट, म्हणजे शिडाची युद्धनौका. आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे आणि तिचं निम्म्याहून जास्त लाकूड मूळचं आहे.

ओळंबा

'त्रिंकोमाली'ची दुरुस्ती १९९० ते २००१ चालली, आणि त्याआधी १९८६ पर्यंत ती प्रशिक्षणाची बोट म्हणून वापरात होती. वापरात असलेली बोट टिकते, कारण रोज कुणीतरी तिच्या तळातलं पाणी बघतं. टीव्हीने ती वाचवली नाही. 'टॅली हो'चं उलट: प्रेक्षक होते, पैसे होते, पण जवळजवळ सगळं लाकूड नवं. उत्तम नौका आहे, वाद नाही. तिला जुनी म्हणायची की नवी, यावर तिकडचेच लोक अजून भांडताहेत.

मोजमापाचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. फक्त त्याला मालिका कशाला हवी? चार माणसं, ओळंबा, पाणपातळीची नळी, मोजपट्टी. बोट सरळ टेकवायची, मध्यरेषेवर दोरी ताणायची, दर दीड फुटावर एक छेद धरायचा आणि त्या प्रत्येक छेदात मध्यरेषेपासून बाहेरच्या फळीपर्यंतचं अंतर सात-आठ उंचींवर मोजायचं. चाळीस फुटी बोटीचे दोनशेच्या आसपास आकडे होतात. दोन दिवसांचं काम, पण एकही फळी निघण्याआधीचं. फळ्या काढून मग मोजलेलं टाकाऊ.

पाचर

आकडे आकार देतात. कुठली फांदी बघून बरगडी निवडली ते देत नाहीत. वाकड्या बरगडीसाठी मुळात तसंच वाकलेलं झाड लागतं, सरळ फळीतून वाक कापलात तर रेषा तुटतात आणि बरगडी तिथेच मोडते. हे नव्या बांधणीतच शिकता येतं.

खाडीकाठ

आणि कॅमेऱ्यातही! कारागीर लाकूड फिरवून-फिरवून का बघतोय, हे आकड्यांच्या तक्त्यात कधी येणार?

मीठभाकरी

इतका वेळ वाचत होतो. लाकडाच्या गप्पा झाल्या, खिळ्यांचं कुणी बोललं नाही आणि बोटी मरतात त्या खिळ्यांनी. टीव्हीच्या दुरुस्तीत हमखास होतील अशा गोष्टी:

चकचकीत दिसतात म्हणून स्टेनलेसचे बोल्ट. डेकवर चालतील. पाण्याखाली ओल्या लाकडात हवा पोचत नाही, तिथे स्टेनलेस फटीतून आतल्या आत खाल्लं जातं. डोकं झळकत असतं, दांडा सुईएवढा उरलेला. जस्ताचा जाड मुलामा दिलेला लोखंडी खिळा दिसायला गावंढळ, पण वर्षं काढतो.

जुने लोखंडी बोल्ट तसेच ठेवून त्यांच्या शेजारी तांब्याचे खिळे. खाऱ्या पाण्यात दोघांची बॅटरी होते आणि लोखंड संपतं. एकतर सगळं तांबं, नाहीतर सगळं लोखंड.

सगळ्यात वाईट, बाहेरून फायबर मारणे. 'आता पन्नास वर्षं बघायला नको' म्हणून विकलं जातं. साग तेलकट, त्यावर रेझिन नीट धरत नाही. लाकूड आत फुगतं-आक्रसतं, फायबर हलत नाही, कडेने सुटतं. मध्ये डेकवरून उतरलेलं पावसाचं पाणी साठतं. बोट कुजते ती गोड्या पाण्याने, खाऱ्याने नव्हे. तीन-चार पावसाळ्यांनी फायबरच्या आत फळीचा चिखल मिळतो. शेवटच्या भागात मात्र रंग लावलेली फायबरची बोट सर्वांत सुंदर दिसेल!

दक्षिणवारा

फायबरबद्दल +१. शिवाय टेरेडो. लाकूड पोखरणारा हा प्राणी किडा नव्हे, शिंपल्याच्या जातीचा. बाहेर टाचणीएवढं भोक, आत करंगळी जाईल एवढा बोगदा. उंडीचं तेल, चुना, राळ यांचे थर दरवर्षी बोट वर घेऊन द्यायचे ते याच्यासाठी. एक वर्ष चुकलं की फळी गेली.

ओळंबा

आणि इथेच मालिका फसते. शेवटचा भाग म्हणजे नारळ फोडून बोट पाण्यात. दुसऱ्या वर्षी ती वर ओढायला, खरवडायला, तेल द्यायला कोण? १९८० मध्ये ओमानहून चीनला निघालेलं 'सोहार' घ्या. मलबारच्या लाकडाचं, नारळाच्या दोरीने शिवलेलं. ते पोचलं, गाजलं. आज मस्कतमध्ये एका चौकात उभं आहे, गाड्या वळसा घालून जातात.

खाडीकाठ

निदान उभं तरी आहे. आपल्याकडे कायद्याने मचवा म्हणजे काहीच नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात वस्तू शंभर वर्षांची हवी. इतकी वर्षं काढलेला मचवा आणणार कुठून? ब्रिटनच्या ऐतिहासिक नौकांच्या नोंदवहीत पन्नास वर्षं आणि तेहतीस फूट लांबी पुरते. तशी नोंद इथे व्हायला आधी लोकांना बोट दिसली पाहिजे, आणि दिसायला पडदाच लागतो.

तरी ओळंबारावांचं एक घेतो. पहिले तीन भाग फक्त मोजमाप आणि पाहणी. हातोडीने ठोकून कुठे आवाज मेलाय ते बघणं, टोच्या घालून कण्यालगतची पहिली फळी तपासणं. सांगाड्याचा शॉट नाही. कापूस ठोकतानाचा आवाज तसाच, संगीत नाही. शेवटचा भाग पाण्यात उतरवल्यावर नाही, पुढच्या वर्षी बोट वर घेताना.

ओळंबा

असं असेल तर माझा विरोध निम्मा. मासेमारी १ जूनपासून बंद होते, त्याच्या मागेपुढे बोटी वर येतात. तेव्हा शूट करा. ओंडक्यांवरून ओढणं, टेकू लावणं आणि पावसासाठी झापांनी (विणलेल्या झावळ्यांनी) शाकारणं, सगळं. ताडपत्री नको. ताडपत्रीखाली वारा फिरत नाही, बोट उबते आणि डेकखालच्या तुळया बुरशीने जातात. झापातून पाणी निथळतं आणि हवा खेळते.

मोगरी

ते ठीक. चाळीस फुटी बोटीला झाप किती लागतील, आणि आता ते विणून देणार कोण, याचा एक भाग आधी करा.