आईच्या पोटऱ्यांत रात्री गोळे येतात, 1500 रुपयांत काय घ्यावं?

सेलूचा_धाकटा
नमस्कार मंडळी. आई 57 वर्षांची आहे. कापूस वेचणी लागल्यापासून जवळपास रोज रात्री दोन-अडीचला कण्हत उठते. पोटरीत गोळा येतो, कधी डाव्या, कधी उजव्या. परवा हात लावून पाहिला तर पोटरी कच्च्या कवठासारखी टणक अन् पायाची बोटं खाली वळलेली. चार-पाच मिनिटांत सुटतं, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठणकत राहतं. बीपीची गोळी चालू आहे, शुगर नाही. मशीन, मोजे, तेल, पट्टा, नेमकं काय उपयोगाचं? बजेट 1500. सोयाबीनचे पैसे अजून हातात आले नाहीत, त्यामुळं वर जाता येणार नाही.

औरंगपुरावासी
सरळ पाय दाबायचं मशीन घ्या. मी मागच्या दिवाळीत 17 हजारांचं घेतलं, तळवे, पोटरी, गुडघा सगळं दाबतं. माझी सासू रोज अर्धा तास बसते. स्वस्तातलं घेऊ नका, महिन्यात मोटर जाते.

लातूर_रिंगरोड
मॅग्नेशियमच्या गोळ्या. मला चौथ्या रात्रीपासून फरक. साठ गोळ्यांची बाटली आठशेला पडली.

केजकर
आमचे आई-वडील वीस वर्षं ऊसतोडीला गेले. याला आमच्याकडं वांब म्हणतात. कोपीत (तोडकऱ्यांच्या झोपडीत) ना मशीन होतं ना गोळ्या. वांब आला की वडील आईला हाताला धरून उभं करायचे, टाच जमिनीला टेकवून. मिनिटभरात उतरायचा.

लातूर_रिंगरोड
वांब नाही, पेटका. वांब हा शब्द मी कधी ऐकला नाही.

केजकर
तुम्ही ऐकला नाही म्हणून तो नाही असं नसतं, भाऊ. माझी आजी वांबच म्हणायची.

मालेगावरोड_नांदेड
रोज दोन केळी द्या. अर्धापूरची द्या, बाहेरची नको.

जुना_मास्तर
आमच्या काळी डॉक्टर कोयनेलची (मलेरियावरच्या क्विनीनची) अर्धी गोळी द्यायचे. रामबाण. आता कोणी देत नाही.

सिस्टर_अंबाजोगाई
मास्तर, देत नाहीत त्याला कारण आहे. कोयनेलनं रक्तातल्या प्लेटलेट्स कमी होऊन रक्तस्राव होऊ शकतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अमेरिकेच्या औषध खात्यानं 2010 साली पायात रात्री येणाऱ्या पेटक्यांसाठी ते वापरू नका असा स्पष्ट इशारा दिला होता. कृपा करून कोणी घरी आणू नका.

दादा, मी सव्वीस वर्षं वॉर्डात काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. गोळा आला की गुडघा सरळ ठेवायचा अन् पायाची बोटं नडगीकडं ओढून धरायची. झटका द्यायचा नाही, सावकाश ताण द्यायचा. आकसलेला स्नायू असा लांबवला की सुटतो. केजकरांच्या वडिलांनी टाच टेकवून केलं ते हेच. सुटल्यावर गरम पाण्याची पिशवी, हलका हात. गोळा असताना जोरानं चोळू नका.

झोपायच्या आधी आईला भिंतीसमोर हातभर अंतरावर उभं करा. तळहात भिंतीला, टाचा जमिनीला चिकटलेल्या, अंग पुढं झुकवायचं. पोटरीला ताण बसला की अर्धा मिनिट थांबायचं, तीनदा. नेदरलँड्समध्ये 2012 साली 55 वर्षांवरच्या 80 जणांवर अभ्यास झाला. ज्यांनी सहा आठवडे झोपण्याआधी असा पोटरीचा अन् मांडीमागचा ताण दिला त्यांचे गोळे कमी झाले. याला एक रुपया लागत नाही. मॅग्नेशियमचा मात्र वयस्कांच्या रात्रीच्या पेटक्यांवर फारसा फायदा अभ्यासांत दिसलेला नाही.

आता दोन गोष्टी विचारते. बीपीची गोळी कोणती? नावापुढं एच किंवा एचसीटी असेल तर त्यात बहुतेक लघवी वाढवणारं औषध असतं, त्यानं पोटॅशियम, सोडियम उतरू शकतं. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून रक्त तपासा. दुसरं, आई पांघरते काय?

सेलूचा_धाकटा
ताई, पाकीट बघितलं, एच आहे. पांघरायला जुन्या लुगड्यांची वाकळ. भारी जड आहे, पायाशी खोचून घेते.

सिस्टर_अंबाजोगाई
जड पांघरूण खोचलं की पाऊल रात्रभर खाली दाबलेलं राहतं, पोटरी आखडून राहते अन् तिथंच गोळा धरतो. पायाशी वाकळ सैल सोडा.

मुखेडचा_पाटील
मला एक सांगायचंय. माझ्या वडिलांची एकच पोटरी दुखत होती. सगळे म्हणाले गोळा आहे, चोळा. आठ दिवस आम्ही तेल चोळलं. पाय सुजला, गरम लागायला लागला, एका ठिकाणी दाखवलं तर तिथंही वाताच्या गोळ्या दिल्या. शेवटी सोनोग्राफीत शिरेत रक्ताची गाठ निघाली. वडील वाचले, पण ते आठ दिवस मला अजून झोपू देत नाहीत. गोळा मिनिटांत सुटतो. दुखणं सुटतच नसेल, एकच पाय सुजला, लाल झाला, तर चोळू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

काटीहून_तुळजापूर
आम्ही दरवर्षी तुळजापूरला चालत जातो. पायात पेटके आले की ओआरएस. अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात, ग्लासात अर्धं-अर्धं करायचं नाही.

सिस्टर_अंबाजोगाई
घाम गाळून आलेल्या पेटक्यांना हे बरोबर. पण बीपीवाल्या माणसानं मीठ-पाणी रोजचं करू नये.

जाफराबादी
कापूस आहे म्हणून विचारतो, फवारणी कोण करतं? 2017 ला यवतमाळकडं फवारणीच्या विषानं शेतकरी, मजूर दगावले, आठवतं ना. फवारल्यावर अंगातले स्नायू आपोआप फडफडले, तोंडाला लाळ, घाम, डोळ्यांपुढं अंधुक, तर तो गोळा नव्हे, विषबाधा. बाटली सोबत घेऊन दवाखान्यात पळा.

औरंगपुरावासी
मशीन ईएमआयवर पण मिळतं.

मालेगावरोड_नांदेड
केळी चालू केली का?

वालूरची_वहिनी
वेचणी बंद करा म्हणावं. या वयात कशाला.

सेलूचा_धाकटा
तीन आठवड्यांनी लिहितोय. सगळ्यांचे आभार. रक्तात पोटॅशियम थोडं कमी निघालं, डॉक्टरांनी गोळी बदलली. वाकळ सैल केली. भिंतीचा व्यायाम बाबा रोज आईजवळ उभे राहून करून घेतात.

विकत मात्र यातलं काहीच आणलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला पाणी किती पिता? आई गप्प. घरी आल्यावर सांगितलं, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच ती घोटभरही पीत नाही. आमच्या रानात ना झाड ना तूर, लघवीला आडोसाच नाही. इतकी वर्षं मी त्याच रानात जातो, माझ्या कधी डोक्यात आलं नाही. याचं फार वाईट वाटलं.

मग हिरवी शेडनेट अन् चार बांबू आणले, 1240 रुपये झाले. विहिरीच्या कडेला डोक्याइतका उंच आडोसा उभा केला. वेचणी बंद करायला आई तयार नाही, अन् मी जबरदस्ती करणार नाही. आता दोन लिटरची कॅन संध्याकाळी रिकामी येते. मागच्या आठवड्यात एकदाच गोळा आला. गोळीनं की पाण्यानं की वाकळीनं, मला सांगता येणार नाही. शेजारच्या रानातल्या बायकाही आता तिथं येतात, आईनं आत एक बादली नेऊन ठेवली आहे.