मदत हवी आहे: घाटावर कोल्हापुरी चपलांचं शूट, जरीची चमक कशी आवरायची?

पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर, पायात घातलेल्या कोल्हापुरीचे फोटो हवेत. ८५ मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर एफ ४, आयएसओ १००. सीपीएल (लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर) फिरवला की तेल दिलेल्या चामड्याची चमक उतरते, पण जरीची चमक धातूची, तिथे तो चालत नाही. चपलेवरच्या जरीच्या वेणीवर पांढरे ठिपके येतात. काळ्या दगडामुळे कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो, म्हणून एक्स्पोजर मॅन्युअल, ग्रे कार्डवरून (प्रकाश मोजायचं करडं कार्ड). मीटरभराचा डिफ्यूझर (प्रकाश मऊ करणारा पडदा) जवळ आणला तर जरीची चमक छान मऊ दिसते, पण नदीवरच्या वाऱ्यात तो स्टँडसकट आडवा होतो. वाळूच्या पिशव्या किती किलोच्या लावता? की धरायला माणूसच बरा? आणि पायरी ओली केली की दगड खुलतो, पण चामड्याचा तळ पाणी ओढतो, डाग राहतो. तळाला काय लावता? माल कारागिराला परत द्यायचाय, खराब होऊन चालणार नाही.