मदत हवी आहे: ब्रोकोलीच्या मोडांचा अर्क देऊनही ए५४९ पेशींत एनक्यूओ१ वाढत नाही

अंकुर_२: एमएस्सीचा प्रकल्प आहे. कर्करोग-प्रतिबंधाच्या दृष्टीने ब्रोकोलीतून मिळणारं सल्फोराफेन तपासायचंय. ब्रोकोलीचे मोड १० ग्रॅम, १०० मिली पाण्यात १५ मिनिटं उकळून गाळले, ०.२२ मायक्रॉन फिल्टर केलं. एनसीसीएसमधून (पुण्याचं पेशी-संशोधन केंद्र) आणलेल्या ए५४९ (माणसाच्या फुप्फुस-कर्करोगाच्या) पेशींना २४ तास दिलं. एनक्यूओ१ची (पेशीचं संरक्षण करणारं एन्झाइम, सल्फोराफेनने वाढायला हवं) क्रिया अर्क न दिलेल्या कंट्रोलइतकीच. मात्रा दहापट केली तरी तेच. अर्क चुकतोय की चाचणी?

सुमेधा_क: अर्कही चुकला आणि पेशीही.

मोडांत असतं ते ग्लुकोराफॅनिन. मोड चिरडले की मायरोसिनेज हे एन्झाइम त्याचं सल्फोराफेन करतं. तुम्ही ते आधीच उकळून मारलंत. अख्खे मोड ६० अंशांच्या पाण्यात ५ ते १० मिनिटं ठेवा, म्हणजे एपिथायोस्पेसिफायर प्रथिन निकामी होतं (नाहीतर बराच माल निरुपयोगी नाइट्राइलमध्ये जातो) आणि मायरोसिनेज टिकतं. तापमानावर लक्ष हवं, ७० च्या वर तेही जातं. मग तिप्पट पाण्यात वाटून तासभर खोलीच्या तापमानाला ठेवा, फ्यूम हूडमध्ये डायक्लोरोमिथेनने दोन-तीनदा काढा, ४० अंशांखाली उडवा, डीएमएसओ या द्रावकात विरघळवा. पेशींवर डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या वर नको.

तरी ए५४९ हलणार नाहीत. त्यांच्या कीप१ जनुकात जी३३३सी हा बदल (प्रथिनात ३३३व्या जागी ग्लायसिनऐवजी सिस्टीन) आहे. एनक्यूओ१सारखी जनुकं चालू करणाऱ्या एनआरएफ२ला धरून नष्ट करवणारं प्रथिनच लुळं, त्यामुळे एनक्यूओ१ कायम चढलेलं. हेपा१सी१सी७ (उंदराच्या यकृताच्या पेशी) घ्या, प्रोखास्का-सांतामारिया या संशोधकांनी १९८८ मध्ये ही चाचणी त्यांच्यावरच बसवली. हेपजी२ (माणसाच्या यकृताच्या) पेशीही चालतील.

अंकुर_२: धन्यवाद! शेजारच्या लॅबमध्ये एमडीए-एमबी-२३१ या स्तन-कर्करोगाच्या पेशी आहेत, त्या चालतील? आणि उरलेल्या उकळलेल्या अर्कात मोहरीची पूड घातली तर?

जीन्सवाला: २३१ नकोत. त्यांत एनक्यूओ१ जनुकाच्या दोन्ही प्रतींत ६०९व्या जागी डीएनएतल्या सी-चा टी झालाय. प्रथिन बनतं आणि लगेच मोडतं. क्यूपीसीआरमध्ये (आरएनए मोजणारी चाचणी) वाढ दिसेल, एन्झाइम मात्र शून्याजवळ, आणि तुम्ही चाचणीला दोष देत बसाल. तिथे काम करायचंच तर एचएमओएक्स१ (एनआरएफ२नेच चालू होणारं दुसरं जनुक) मोजा.

मोहरीने मायरोसिनेज मिळेल, स्वयंपाकघरात ही युक्ती छान. पण आपल्या मोहरीत सिनिग्रिन (ग्लुकोराफॅनिनसारखंच संयुग) असतं, त्याचं ॲलिल आयसोथायोसायनेट होतं आणि तेही एनआरएफ२ जागं करतं. नुसत्या मोहरीचा कंट्रोल नसेल तर वाढ कुणाची, ते सांगता येणार नाही.

शुद्ध सल्फोराफेन २ ते ५ मायक्रोमोलर हा पॉझिटिव्ह कंट्रोल प्रत्येक प्लेटवर हवाच. १० मिलिमोलर स्टॉकला १ मिली डीएमएसओत १.७७ मिग्रॅ. रीडिंग डायकुमॅरॉलसह (ते एनक्यूओ१ रोखतं) आणि त्याशिवाय घ्या. दोन्हींतला फरक तेवढाच एनक्यूओ१चा, बाकीचं इतर रिडक्टेजचं.

आणि प्रबंधात 'कर्करोग रोखतो' असं लिहू नका. कीप१ बिघडलेल्या गाठीला हीच एनआरएफ२ची यंत्रणा केमोपासून वाचवते. परीक्षक हे विचारतातच.