यवतेश्वरच्या बाजूचे देखणे हॉटेल आणि वयस्क आई-वडील

आई-वडिलांना कासचे पठार दाखवायला आणताना यवतेश्वरच्या चढावरील एखाद्या देखण्या, आधुनिक मांडणीच्या हॉटेलात उतरावे की सातारा शहरात पोवई नाक्याजवळ, या आपल्या प्रश्नावर बहुतेकांनी अंतराकडे बोट दाखवून शहराच्या बाजूने कौल दिला आहे. मला ते कारण पुरेसे वाटत नाही. कास साताऱ्यापासून सुमारे 25 किलोमीटरवर आहे आणि तिकडचा रस्ता यवतेश्वरवरूनच जातो. त्यामुळे पठार हाच मुख्य हेतू असेल, तर तिथला मुक्काम आडवळणाचा नसून वाटेवरचाच ठरतो.

खरी अडचण येते ती संध्याकाळी. अंधार पडल्यावर, त्यातही पावसाळ्यात धुके उतरले की, एखाद्या औषधासाठी किंवा साध्या भाजी-भाकरीसाठी घाट उतरणे वयस्क माणसांना झेपत नाही आणि सर्वस्वी हॉटेलच्या स्वयंपाकघरावर विसंबावे लागते. म्हणून खोली ठरवण्यापूर्वी रात्री किती वाजेपर्यंत जेवण मिळते आणि वीज गेल्यास जनरेटर खोल्यांनाही पुरतो का, हे फोनवर स्पष्ट विचारावे.

छायाचित्रांत मोहक दिसणाऱ्या गोष्टीही नीट पाहाव्यात. घोटून चकचकीत केलेला कोबा ओल्या पायांखाली निसरडा होतो, आणि कठड्याविना भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडी पायऱ्या, कितीही सुंदर असल्या तरी, दुखऱ्या गुडघ्यांच्या कामाच्या नाहीत. तळमजल्यावरची खोली मिळत असेल, तरच मी यवतेश्वरला राहण्याचा आग्रह धरीन. राजवाडा, अजिंक्यतारा आणि बाजारपेठ हाच मुख्य बेत असेल, तर मात्र शहरातच उतरावे.